मेंढ्यांचे जंत: बुरशी खाऊ घालून काढलेला एक चराई हंगाम

जंतनाशक पाजल्यावर दोन आठवड्यांत लेंडीत पुन्हा अंडी दिसू लागली, की सहसा मात्रा वाढवली जाते. मग औषध बदललं जातं आणि काही काळानं तेही चालेनासं होतं. आमचा कळप या टप्प्यावर आला तेव्हा जैविक नियंत्रणाचा मार्ग धरला आणि चराईचा एक अख्खा हंगाम डडिंग्टोनिया फ्लॅग्रॅन्स ही बुरशी रोज खुराकातून दिली. हंगाम आता संपला आहे. सुरू करण्यापूर्वी काय तपासायचं, कुठे वाट पाहावी लागते आणि खर्च कशावर होतो हे एका जागी सापडत नाही, म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवतो आहोत.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ही बुरशी मेंढीच्या पोटातला एकही जंत मारत नाही. तिचे जाड कवचाचे बीजाणू मेंढीच्या आतड्यातून जिवंत बाहेर पडतात, लेंडीत रुजतात आणि तिथे अंड्यांतून निघालेल्या अळ्यांना चिकट जाळ्यात पकडून खातात. म्हणजे उपचार होतो तो कुरणावर. हे पक्कं समजलं नाही तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात धीर सुटतो आणि काम अर्धवट राहतं.

सुरुवात मोजणीपासून

खुराकात काहीही मिसळण्याआधी कळपात कोणते जंत आहेत, किती आहेत आणि कोणतं औषध अजून चालतं, ही माहिती हातात हवी. यात तीन ते चार आठवडे जातात. ते हंगामाच्या आधीच काढून ठेवावेत.

नमुना थेट गुदद्वारातून, हातमोजा घालून घ्यावा. जमिनीवरची लेंडी नको, कारण मातीतले निरुपद्रवी सूक्ष्मकृमी तिच्यात शिरतात आणि अंडी तोवर उबलेली असू शकतात. एका जनावराचे ४-५ ग्रॅम पुरतात. पिशवीतली हवा काढून तोंड घट्ट बांधावं. फक्त अंडी मोजायची असतील तर नमुना ४ अंश सेल्सिअसला ठेवावा, पण गोठवू नये. अळ्या वाढवून ओळखायच्या असतील तर तो फ्रीजमध्येही ठेवू नये, कारण थंडीनं हिमॉन्कस या रक्त पिणाऱ्या जंताची अंडी उबत नाहीत आणि अहवालात नेमका तोच जंत कमी दिसतो. प्रयोगशाळेच्या अर्जावर जनावराचा बिल्ला क्रमांक, वय, गाभण की व्यालेली, शेवटचं जंतनाशक कोणतं व कधी पाजलं, नमुना किती वाजता घेतला हे सगळं लिहावं. शेवटच्या औषधाची तारीख राहिली तर आकड्याचा अर्थच लावता येत नाही.

अंडी मोजायला मॅकमास्टर पद्धत वापरतात आणि ती स्वतः शिकण्याजोगी आहे. ४ ग्रॅम लेंडी मीठाच्या संपृक्त पाण्यात कुस्करून एकूण ६० मिलिलिटर करायचं, गाळायचं आणि काचपट्टीचे दोन्ही कप्पे भरायचे. एका कप्प्यात ०.१५ मिलिलिटर मावतं. पाच मिनिटं थांबलं की अंडी वर तरंगतात. दोन्ही कप्प्यांतल्या अंड्यांच्या बेरजेला ५० नं गुणलं की एका ग्रॅममधली अंडी मिळतात. मीठ पाण्यात तळाशी थोडं उरेपर्यंत विरघळवत राहावं. द्रावण पातळ राहिलं तर अंडी बुडतात आणि कळप उगाच निरोगी दिसतो. यकृतकृमीची अंडी जड असल्यानं या पाण्यात तरंगत नाहीत. त्यांची तपासणी वेगळी.

अंडी मोजून जंताची जात कळत नाही. हिमॉन्कस, ट्रायकोस्ट्रॉन्गायलस, टेलाडोर्साजिया या सगळ्यांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास सारखी दिसतात. त्यासाठी लेंडी २५ ते २७ अंशांत ओलसर ठेवून ७ ते १० दिवस अळ्या वाढवतात आणि तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्या ओळखतात. ही तपासणी महाग वाटते, पण टाळू नये. हिमॉन्कस कॉन्टॉर्टस चौथ्या पोटात राहतो, एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त पितो आणि मादी रोज ५,००० ते १०,००० अंडी घालते. पोटात ५,००० जंत असतील तर दिवसाला पाव लिटर रक्त जातं. ट्रायकोस्ट्रॉन्गायलस मात्र लहान आतड्यात राहून हगवण लावतो आणि वजन तोडतो. पुढे कोणत्या खुणांवर लक्ष ठेवायचं हे यावरून ठरतं.

याच सुमारास औषधाची परीक्षाही उरकून घ्यावी. प्रत्येक औषधासाठी १०-१५ मेंढ्यांचा गट करायचा, प्रत्येक मेंढीचं वजन करून त्यानुसार औषध पाजायचं, आणि त्या दिवशी व १४ दिवसांनी अंडी मोजायची. अंड्यांतली घट ९५ टक्क्यांपेक्षा कमी आली तर जंतांत त्या औषधाविरुद्ध प्रतिकार तयार झाला आहे असं समजायचं. अंदाजानं वजन धरून पाजलेल्या औषधाचा निकाल ग्राह्य नाही, कारण कमी मात्रा आणि प्रतिकार या दोन्हींचा आकडा सारखाच येतो. बुरशी सुरू करायची असली तरी एक तरी चालणारं औषध हाताशी लागतं. ते का, हे पुढे येतंच.

कागदपत्रं आणि उत्पादन

डडिंग्टोनियावरचं पायाभूत काम १९९० च्या दशकात डेन्मार्क आणि ऑस्ट्रेलियात झालं. अळ्या पकडणाऱ्या बुरशी अनेक प्रकारच्या आहेत, पण मेंढीच्या चार पोटांतून आणि आतड्यातून जिवंत निघणाऱ्या फार थोड्या. डडिंग्टोनिया त्या कसोटीवर टिकली. बायोवर्मा या नावाचं तिचं व्यापारी उत्पादन २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत नोंदलं गेलं. अमेरिकेत ती नोंद पर्यावरण संरक्षण संस्थेकडे, कीटकनाशकांच्या यादीत आहे, कारण उत्पादनाचं काम जनावराच्या शरीराबाहेर चालतं. हा तपशील कामाचा आहे. दुसऱ्या देशातही ही वस्तू पशुऔषध, खाद्यपूरक की जैविक कीडनाशक या प्रश्नावर अर्ज एका विभागाकडून दुसऱ्याकडे फिरतो. म्हणून पहिलं पत्र लिहितानाच ‘हे उत्पादन कोणत्या वर्गात मोडतं आणि त्याचा परवाना कोण देतं’ एवढा एकच प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तरही लेखीच घ्यावं. आयात करायची असेल तर जिवंत सूक्ष्मजीव म्हणून वेगळी परवानगी लागू शकते. ती उत्पादन मागवण्याआधी मिळवावी, नाहीतर डबा तपासणीत अडकून गरम गोदामात पडतो आणि बीजाणू मरतात.

पुरवठादाराकडून चार गोष्टी मागाव्यात: वाणाचा क्रमांक, एका ग्रॅममधले जिवंत बीजाणू, दुसऱ्या सूक्ष्मजीवांची भेसळ तपासल्याचा दाखला आणि वापराची अंतिम तारीख. ‘उपयुक्त बुरशी’ एवढंच लिहिलेल्या पाकिटाला हात लावू नये. जमिनीत टाकायच्या ट्रायकोडर्मासारख्या बुरशींचा या कामाशी काही संबंध नाही. सेंद्रिय प्रमाणपत्र असलेल्या कळपानं प्रमाणन संस्थेचीही लेखी संमती आधीच घ्यावी.

मात्रेचं आणि खर्चाचं गणित

बायोवर्माची मात्रा दर १०० किलो वजनाला रोज ६ ग्रॅम आहे. त्यात ग्रॅमला किमान ५ लाख बीजाणू असतात, म्हणजे किलोमागे रोज ३०,००० पडतात. ४० किलोच्या मेंढीला २.४ ग्रॅम. अशा १०० मेंढ्यांना रोज २४० ग्रॅम, ६० दिवसांना १४.४ किलो, ९० दिवसांना २१.६ किलो. जुन्या संशोधनात किलोमागे अडीच ते पाच लाख बीजाणू दिलेले आढळतात. ते आकडे वेगवेगळ्या वाणांचे आणि तयारींचे आहेत. आपल्या डब्यावरच्या लेबलाशी त्यांची सरमिसळ करू नये.

अख्ख्या कळपाला वर्षभर हे देणं कोणाच्याच हिशेबात बसत नाही आणि त्याची गरजही नाही. कुरण घाण करणारी जनावरं ओळखावीत. मेंढ्यांची अंडी विण्याच्या साधारण दोन आठवडे आधीपासून वाढतात आणि व्याल्यावर सहा ते आठ आठवडे चढी राहतात, कारण त्या काळात त्यांची प्रतिकारशक्ती ढासळते. दुसरा गट दूध तोडलेल्या कोकरांचा. या दोन गटांना उबदार, ओलसर महिन्यांत बुरशी मिळाली, तर कुरणावर पडणाऱ्या अंड्यांचा मोठा वाटा तिच्या कक्षेत येतो. धडधाकट, न व्यालेल्या मोठ्या मेंढ्या वगळता येतात. उत्पादनाखालोखाल पैसा जातो रोजच्या खुराकावर आणि तो घालणाऱ्या माणसाच्या वेळेवर. नुसत्या चराईवरच्या कळपाला खुराक नव्यानं सुरू करावा लागतो, तो आकडा आधी मांडून पाहावा.

पहिला दिवस ते पहिला आठवडा

सुरू करण्याच्या दिवशी सगळ्यांची खालची पापणी आतून फामाचा तक्त्याशी (पापणीच्या रंगावरून रक्त किती कमी झालंय ते सांगणाऱ्या रंगपटाशी) ताडून पाहिली. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला हा तक्ता १ ते ५ असा असतो, १ म्हणजे लालबुंद आणि ५ म्हणजे पांढरीफटक. ४ आणि ५ वाल्या मेंढ्यांना, तसंच ३ वाल्या कोकरांना आणि पाजणाऱ्या मेंढ्यांना, परीक्षेत पास झालेलं जंतनाशक दिलं. बाकीच्यांना नाही. सगळ्या कळपाला औषध पाजून ताज्या कुरणावर सोडलं तर त्या कुरणावर फक्त औषधाला न जुमानणाऱ्या जंतांची अंडी पडतात. न पाजलेल्या मेंढ्यांच्या पोटातले साधे जंत त्यांच्यात मिसळत राहणं हिताचं असतं. बुरशी दोन्ही प्रकारच्या अळ्या सारख्याच खाते, त्यामुळे तिच्यामुळे औषधाला न जुमानणाऱ्या जंतांचं प्रमाण वाढत नाही.

औषध बेन्झिमिडॅझोल गटातलं, म्हणजे अल्बेंडॅझोल, फेनबेंडॅझोल वगैरे असेल, तर सावध राहावं. या गटातली काही रसायनं शेतीत बुरशीनाशक म्हणून वापरली जातात आणि अल्बेंडॅझोल डडिंग्टोनियाची वाढ रोखतं असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. अशा मेंढीच्या लेंडीत पहिले काही दिवस बुरशीवर भिस्त ठेवू नये.

मिसळण्याची रीत अशी. १०० मेंढ्यांना २०० ग्रॅमप्रमाणे २० किलो कोरडा खुराक. २४० ग्रॅम भुकटी थेट २० किलोत टाकली तर ती सारखी पसरत नाही. आधी २ किलो कोंड्यात ती नीट एकजीव करायची आणि मग तो कोंडा उरलेल्या १८ किलोत. मिसळताना नाकातोंडावर मास्क हवाच, बीजाणूंची धूळ फुप्फुसात जायला नको. गव्हाणीची लांबी प्रत्येक मेंढीला ३०-४० सेंटिमीटर पडली पाहिजे. ती कमी पडली की दांडग्या मेंढ्या दुप्पट खातात आणि बुजरी कोकरं उपाशी राहतात. त्या उपाशी कोकरांच्याच लेंडीत अंडी सर्वांत जास्त असतात.

ओल्या खुराकात, मुरघासात किंवा उसाच्या मळीत भुकटी कालवून ठेवू नये, कारण ओल लागली की बीजाणू डब्यातच रुजून वाया जातात. पाण्यातूनही देऊ नये, ते तळाशी बसतात. वाफेच्या उष्णतेनं बनवलेल्या गोळीखाद्यात ते टिकतील अशी खात्री धरू नये. चाटण विटांचं आकर्षण मोठं, पण वीट काही मेंढ्या तासन्‌तास चाटतात आणि काही तोंडही लावत नाहीत.

रोज म्हणजे रोज. बीजाणू आतड्यात ठाण मांडत नाहीत, खाल्ल्यावर एक ते तीन दिवसांत बाहेर पडतात. एक दिवस चुकला की पुढे कुरणावर एक दिवसाची लेंडी बिनराखणीची पडते, आणि त्यातली अंडी उबदार हवेत आठवड्याभरात संसर्गक्षम अळ्या होतात. खुराक घालणारा माणूस आजारी पडला तर कोण घालणार हे आधी ठरवून ठेवावं.

दुसरा आठवडा: बुरशी बाहेर येते आहे का?

डोळ्यांनी काहीच दिसत नाही, त्यामुळे हा टप्पा अस्वस्थ करणारा असतो. सातव्या दिवसानंतर खुराक मिळालेल्या आणि न मिळालेल्या मेंढ्यांच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या घेऊन अळी-संवर्धनाला लावाव्यात. यासाठीच चार-पाच मेंढ्या बुरशीविना ठेवायच्या. नमुने फ्रीजमध्ये नकोत आणि पॅकबंद डब्यातही नकोत, कारण अंड्यांना आणि बुरशीला दोघांनाही हवा लागते.

हिशेबाचं एक उदाहरण घेऊ. दोन्ही गटांत ग्रॅमला ६०० अंडी आहेत आणि २० ग्रॅम लेंडी लावली, म्हणजे प्रत्येकी १२,००० अंडी. बुरशीविना लेंडीतून ५,४०० अळ्या निघाल्या, म्हणजे ४५ टक्के. बुरशीवाल्यातून ९००, म्हणजे साडेसात टक्के. घट झाली ८३ टक्के. दोन्ही गटांत अंडी सारखी नसतील तर नुसत्या अळ्यांची तुलना खोटी ठरते, म्हणून टक्केवारीच धरायची. प्रसिद्ध चाचण्यांमध्ये ही घट हवामान, मात्रा आणि जंतांच्या जातीनुसार निम्म्यापासून ८०-९० टक्क्यांपर्यंत गेलेली आहे.

घट अगदीच कमी आली तर या क्रमानं शोध घ्यावा: गव्हाणीवर सगळ्या खातात का, भुकटी मुदतीत आहे का आणि उन्हात पडली होती का, नमुना कोंडून ठेवला होता का, आणि नुकतंच बेन्झिमिडॅझोल पाजलं होतं का. बहुतेक वेळा उत्तर पहिल्या दोनांत सापडतं.

तिसरा ते आठवा आठवडा

सर्वांत अवघड काळ हाच. लेंडीतली अंडी कमी होत नाहीत, कधीकधी वाढतातही. त्यामागचं कारण सरळ आहे. पोटातले जुने जंत अंडी घालतच असतात. कुरणावर आधीपासून असलेल्या अळ्या पोटात जात राहतात आणि गिळलेली हिमॉन्कसची अळी अंडी घालू लागायला साधारण तीन आठवडे घेते. जुन्या अळ्या उष्ण, कोरड्या हवेत काही आठवड्यांत मरतात, थंड आणि ओल्या हवेत कित्येक महिने तग धरतात. त्यामुळे बुरशीचा परिणाम मेंढीत दिसायला दीड-दोन महिने लागतात. या काळात मेंढ्यांना वाचवायचं काम फामाचा तक्ता आणि निवडक औषध करतं. उबदार, पावसाळी हवेत आठवड्याला एकदा पापण्या पाहाव्यात, इतर वेळी दोन आठवड्यांनी चालतं. जबड्याखाली पाणी साचलेली मेंढी दिसली तर बुरशीची वाट न पाहता त्याच दिवशी औषध द्यावं.

तक्ता फक्त रक्त पिणाऱ्या जंतासाठी आहे. पापणी लाल आणि शेपटीखाली लोकर हगवणीनं माखलेली असेल तर ट्रायकोस्ट्रॉन्गायलसचा संशय घ्यावा. वजन आणि अंड्यांची मोजणी सोबत हवी ती यासाठीच. पापण्या उजेडात, पण थेट उन्हाविना पाहाव्यात आणि रंग उडालेला तक्ता बदलावा.

कुरण फिरवणं याच काळात खरं कामी येतं. संसर्गक्षम अळ्या बहुतांशी गवताच्या खालच्या ५ सेंटिमीटरमध्ये असतात, त्यामुळे गवत त्याखाली चरू देऊ नये. उष्ण-दमट प्रदेशात पट्टा चार दिवसांत बदलावा आणि पाच आठवड्यांनी परतावं. टोंगात १९९० च्या दशकात १० पट्टे करून प्रत्येकी साडेतीन दिवस चारण्याची पद्धत तपासली गेली, ती या हिशेबावरच बेतलेली होती. थंड प्रदेशात एवढी विश्रांती पुरत नाही. तिथे मोकळ्या पट्ट्यावर गुरं चारणं किंवा गवत कापून घेणं जास्त उपयोगी पडतं.

हवामानाची नोंद रोज ठेवावी, कारण पुढे निकाल समजून घेताना तीच लागते. बुरशीला २५-३० अंशांची हवा आवडते. १० अंशांखाली ती फार मंदावते, पण अळ्यांची वाढही तेव्हा मंदावलेली असते. मुसळधार पावसात लेंडी फुटून विखुरते आणि काही अळ्या जाळी तयार होण्याआधीच गवतावर निसटतात. असा आठवडा गेला तर त्या पट्ट्यावर कोकरं उशिरा न्यावीत.

काही जंतांपुढे ही बुरशी कमी पडते. नेमॅटोडायरस या जंताच्या अळ्या अंड्यातच संसर्गक्षम अवस्थेपर्यंत वाढतात, त्यामुळे लेंडीत पकडायला काही फारसं मिळत नाही. फीतकृमी, यकृतकृमी आणि कॉक्सिडिया (आतड्यातले एकपेशीय परजीवी) यांच्यासाठी तिच्यावर विसंबू नये. गांडुळं आणि शेणकिडे यांना तिच्यापासून इजा झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. शेणकिडे लेंड्या फोडून, पुरून अळ्यांचं काम आणखी अवघड करतात, म्हणून त्यांना मारणारी इंजेक्शनं आणि औषधं जपून वापरावीत.

नववा आठवडा आणि पुढे

फरक दिसला तो कोकरांत. नव्यानं चरू लागलेली कोकरं कुरणाचा सर्वांत खरा दाखला देतात, कारण त्यांच्या पोटात जुने जंत नसतात. त्यांच्या पापण्या लाल राहिल्या, अंड्यांची चढण सौम्य झाली आणि औषध पाजावं लागणाऱ्यांची यादी आखूड होत गेली. मोठ्या मेंढ्यांचे आकडे मात्र फारसे हलले नाहीत. निकाल तपासताना सरासरीवर थांबू नये. कळपातल्या २०-३० टक्के मेंढ्या सुमारे ८० टक्के अंडी टाकत असतात. त्याच त्या मेंढ्या दर वेळी फिक्या निघत असतील तर त्यांचे बिल्ले वेगळे नोंदवावेत आणि पैदाशीतून त्यांना वगळावं.

बुरशी थांबवायची ती दिनदर्शिका पाहून नव्हे. हवा लांबलचक कोरडी झाली किंवा रोजचं तापमान अळ्या वाढण्याच्या खाली गेलं की खुराक बंद करता येतो. त्याआधी एकदा सगळ्या गटांची अंडी मोजून ठेवावीत, पुढच्या हंगामाची तुलना याच आकड्याशी होते. बाहेरून आणलेली मेंढी बुरशीच्या भरवशावर कळपात सोडू नये. तिला वेगळं बांधून औषध पाजावं, १४ दिवसांनी अंडी तपासावीत आणि मगच कुरण दाखवावं.

उरलेली भुकटी घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड आणि कोरड्या जागी ठेवली आहे. मुदत जवळ आलेला डबा पुढच्या हंगामात वापरायचा असेल तर आधी थोडी भुकटी अळ्यांसह प्रयोगशाळेत रुजवून पाहावी. जाळी धरली तरच तो खुराकात घ्यावा. नवी मागणी विण्याच्या हंगामाच्या निदान तीन महिने आधी नोंदवावी, कारण परवानगीच्या नूतनीकरणाला लागणारा वेळ धरूनच भुकटी गाभण मेंढ्यांच्या गव्हाणीत वेळेवर पोचते.